मुळाशी ताडून पाहिले

भाऊ रेग्यांनी पहिल्याच भेटीत मला नापास केलं. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या वाचनालयात मी पुस्तक बदलायला गेले होते. रहस्यकथांच्या कपाटापाशी ते उभे होते.

"काय शिकलीस?"

"एम.ए. मराठी."

"अरेरे. म्हणजे खून झाला की तुम्ही त्याचा अर्थ शोधणार. आम्ही खुनी शोधतो."

मग त्यांनी एक जुनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. 'मिठागरातला तिसरा कंदील'. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, ते चौसष्ट. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

भाऊ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. चौतीस वर्षं एकच काम. मूळ नमुन्याचं फडकं एका हातात, नवीन रंगवलेलं दुसऱ्या हातात. दोन्ही खिडकीपाशी धरायची. जुळली तर सही करायची. इतरांना न दिसणारा फरक त्यांना दिसायचा. हेमाकाकू म्हणायच्या, "यांना घरातलं मीठ संपलेलं दिसत नाही. मिठागरातला कंदील बरोबर दिसतो."

त्या कपाटाची किल्ली भाऊंकडे असे. एकोणीस वर्षांचे असल्यापासून ते कपाट तेच सांभाळत होते. तेव्हा वाचनालय बाबुरावांचं होतं. त्या काळी काही नीच वाचक रहस्यकथेची शेवटची पानं फाडून नेत. पुढच्याला खुनी कळू नये एवढाच हेतू. यावर बाबुरावांनी एक पद्धत पाडली होती. दुसऱ्या वाचनालयातल्या प्रतीवरून ती पानं हाताने उतरवायची, पुस्तकात शिवायची. खाली लिहायचं, 'मुळाशी ताडून पाहिले'. सही, तारीख. अक्षर भाऊंचं चांगलं, म्हणून हे काम त्यांच्याकडे.

'तिसरा कंदील'ची शेवटची आठ पानं अशीच होती. भाऊंचं मोत्यासारखं अक्षर. 'मुळाशी ताडून पाहिले. र. वि. रेगे, १४ मे १९७४.' या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. अर्ध्या डोंबिवलीने ते याच एका प्रतीत वाचलं.

मग त्या पुस्तकावरची मालिका आली.

पुस्तकातला गुप्तहेर वासुदेव काळसेकर पंचावन्नचा. पोट सुटलेला. तपकीर ओढतो. जिना चढला की दम लागतो, म्हणून खुर्चीत बसून तीन प्रश्न विचारतो. मालिकेतला काळसेकर व्यायामशाळेतून थेट आलेला. दाढी. मोटारसायकल. मेलेली बायको, तिची आठवण आली की गोळ्या. मिठागराच्या जागी घोडबंदर रोडवरचा अर्धवट टॉवर. कंदिलाच्या जागी मोबाइलची बॅटरी. काळसेकर बत्तिसाव्या मजल्यावरून धावतो, कॅमेरा त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालतो, खाली कारण नसताना पाऊस.

भाऊंनी आठही भाग वही घेऊन पाहिले.

"हा इतका धावतो, मग विचार कधी करतो?"

"भाऊ, आता असंच चालतं."

"चालत नाहीये गं, धावतंय."

आठव्या भागात खुनी निघाली सुलभा, मयताची विधवा वहिनी. भाऊ उठून उभे राहिले. आमच्या पुस्तकात खुनी होता डॉक्टर उपासनी. तिसरा कंदील पाहिला असं सांगणारा एकटाच, आणि त्या रात्री मिठागरात दोनच कंदील होते. इतका साधा, सुंदर पुरावा. तो टाकून यांनी एक रडकी बाई आणली.

"खुनी बदलला," भाऊ म्हणाले. "बाकी सगळं माफ केलं असतं. हे नाही."

वाचनालयात दर शनिवारी रहस्यकथावाल्यांचा कट्टा जमतो. तिथल्या साकेतने काळसेकरप्रेमींचं फेसबुक पान सुरू केलं. आठवड्यात सहाशे माणसं. त्यांतल्या चाळिसेकांनी पुस्तक वाचलेलं, तेही आमच्याच प्रतीत. बाकीचे दीड मिनिटाची जाहिरात पाहून संतापलेले. काळसेकर गोरा हवा होता. काळसेकर सावळा हवा होता. कुणी लिहिलं, 'आमच्या लहानपणाचा खून झाला.' लिहिणारा तेवीस वर्षांचा होता. हे लोक मालिकेवर थुंकत होते आणि रोज रात्री तीच परत लावून बसत होते. मला मालिकेची आणि यांची सारखीच शिसारी आली.

नाशिकच्या एका गृहस्थांनी तेवढं लिहिलं, 'पुस्तकात खुनी सुलभाच आहे.' त्यांना साठ जणांनी धुतलं. भाऊंनी मला सांगून उत्तर लिहून घेतलं. 'आपण पुस्तक वाचलेले दिसत नाही. न वाचता बोलणे ही आजची फॅशन आहे. – र. वि. रेगे.'

मग निषेधाचं पत्र ठरलं. मसुदा भाऊंचा. एकेचाळीस सह्या झाल्या, पहिली भाऊंची. शनिवारी कट्ट्यावर ते वाचायचं आणि निर्मात्यांना पाठवायचं. आसावरीताई वाचनालयाच्या चिटणीस. त्या म्हणाल्या, "भाऊ, भाषा जरा कडक झालीये. 'मूळ लेखकाशी बेइमानी' वगैरे."

"ताई, यातला एक शब्द खोटा निघाला तर या कपाटाला पुन्हा हात लावणार नाही मी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ गंमत करत नव्हते. कारखान्यात त्यांचा एक नमुना चुकीचा गेला होता, तेव्हा त्यांनी स्वतःहून महिनाभर सही करणं सोडलं होतं.

"आणि पुरावा जोडा," ते मला म्हणाले. "हातची पानं पाहून ते हसतील. छापील प्रत शोध."

मी शोधली. माझ्या ऑफिसातल्या सम्यकच्या आजोबांचं घर ठाण्याला, टेंभी नाक्याच्या मागे. तिथे त्यांची एक ट्रंक होती. गुरुवारी संध्याकाळी गेले. तळाशी 'मिठागरातला तिसरा कंदील'. सगळी पानं शाबूत.

उभ्यानेच शेवट उघडला. सुलभा. दोन पानं रडते, एका पानात कबुली देते, आणि काळसेकर तिला पाणी देतो. उपासनी निर्दोष. तिसऱ्या कंदिलाचं काय झालं ते लेखक विसरून गेलेला. इतका भिकार शेवट मी बी.ए.च्या वर्गातसुद्धा ऐकला नव्हता.

पण छापलेला तोच होता.

मी जमिनीवर बसले. सम्यकच्या आईने पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, धुळीने गरगरलं.

शुक्रवारी दोन्ही पुस्तकं घेऊन भाऊंकडे गेले. पानं उघडून पुढ्यात ठेवली. त्यांनी एकदा वाचलं. चष्मा पुसला. मग दोन्ही पुस्तकं खिडकीपाशी नेली, फडकी धरायचे तशी धरली.

"कागद तोच. छपाई तीच. आवृत्ती तीच." बोट एकशे अडुसष्टाव्या पानाच्या शेवटावर थांबलं. "इथे वाक्य अर्धं राहतं. छापलेल्यात ते पुढच्या पानावर पुरं होतं. माझ्यात नवं वाक्य सुरू होतं. पन्नास वर्षांत हे मला दिसलं नाही."

"पण तुम्ही ठाण्याच्या वाचनालयातल्या प्रतीवरून उतरवलेलं ना?"

"मी नाही. बाबुराव कच्ची पानं घेऊन आले. म्हणाले, ठाण्याच्या वाचनालयात बसून उतरवलंय, तू चांगल्या अक्षरात कर." ते आपल्याच सहीकडे पाहत राहिले. "चौदा मे चौऱ्याहत्तर."

"मग?"

"रेल्वेचा संप. आठ तारखेपासून सगळ्या गाड्या बंद. आणि पानं फाटल्याचं कळलं ते संप लागल्यावर. बाबुराव ठाण्याला गेले कसे?"

"एसटीने?"

"बाबुराव? बस लागायची त्यांना. कल्याण नाक्यापर्यंत गेले तरी लिंबू हुंगत जायचे. आणि त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर बसलेले होते."

सत्तरीचा माणूस स्वतःलाच पकडत होता, आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

"चाळीस जण या पुस्तकासाठी यादीत होते," भाऊ म्हणाले. "रोज येऊन डोकं खायचे. कंटाळून त्यांनी शेवट स्वतःच लिहिला. लेखकापेक्षा बरा लिहिला."

"म्हणजे चूक त्यांची. तुम्हाला काय माहीत?"

"हेच तर. मला माहीत नव्हतं, आणि मी लिहिलं, ताडून पाहिले. कशाशी ताडलं गं मी?"

आतून हेमाकाकूंचा आवाज आला. "चहा निवतोय. कुणाचा खून झालाय का तिकडे?"

"होय," भाऊ म्हणाले.

मी आवाज खाली केला. "भाऊ, ही प्रत मी परत ट्रंकेत ठेवते. कुणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मालिकेकडेही त्यांनी कधी असं पाहिलं नव्हतं.

"एम.ए.," ते म्हणाले. एवढंच.

शनिवारी हॉल भरलेला. भाऊंनी पत्र वाचलंच नाही. दोन्ही शेवट वाचले, आधी हातचा, मग छापील. संपाचं सांगितलं. सहीचं सांगितलं. मग म्हणाले, "मालिका टुकार आहे. पहिले सात भाग टुकार. आठव्यातला खुनी तेवढा खरा. आणि नेमकं तेवढंच आपण खोटं म्हणतोय. पत्र मागे घ्या."

पहिले बोलले ते संदेश, बँकेतून निवृत्त झालेले, कट्ट्यावर सगळ्यांत मोठ्याने बोलणारे, "पण भाऊ, आपलाच शेवट भारी आहे राव!"

"भारी आहे. मूळ नाही."

"मूळ कोण बघतंय? आम्ही तर हेच वाचलंय."

साकेत म्हणाला, "भाऊकाका, चिल ना. पानावरच्यांना थोडीच माहितीये? पान फुल पेटलंय. आता माघार घेतली तर आपला पोपट."

"सह्या झाल्यात," आसावरीताई म्हणाल्या. "पाकिटावर पत्तासुद्धा घालून झालाय."

मूळ लेखकाशी बेइमानी झाली म्हणून ओरडणारी ही माणसं. लेखक त्यांच्यासमोर टेबलावर पडला होता, छापील, पुरा. कुणी उठून पान उलटलं नाही. हात वर झाले. पत्र जायचं ठरलं.

भाऊंनी ते पत्र मागून घेतलं. पट्टी ठेवून आपलं नाव खोडलं. चाळीस उरले. संध्याकाळपर्यंत पानावर त्यांचं नाव फितूर पडलं होतं.

हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी जुनी प्रत उघडली. 'मुळाशी ताडून पाहिले' ही अक्षरं खोडली. खाली लिहिलं, 'हा शेवट बाबुरावांचा. मूळ शेवट शेजारच्या प्रतीत.' सही, तारीख. ठाण्याची प्रत सम्यकच्या आईने देऊन टाकली होती. दोन्ही पुस्तकं त्यांनी माझ्या हातात दिली आणि वर किल्ली ठेवली.

"तू लाव कपाटात."

"भाऊ, ते काय शपथेवर बोलला होतात का?"

"लाव."

घरी जाऊन त्यांनी नाशिकच्या गृहस्थांना माझ्याकडून माफी लिहून घेतली. पाच ओळी, एकही सबब नाही. मी पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'माफी कसली साहेब! मीही पुस्तक वाचलेलं नाही. मालिका पाहून ठोकून दिलं होतं.'

मी ते वाचून दाखवलं. वाटलं, हसतील.

"टुकार माणूस," भाऊ म्हणाले. "पण सही तरी केली नव्हती त्याने."

आता भाऊ रोज वाचनालयात येतात. पेपर वाचतात. कपाटाकडे पाठ करून बसतात. पुस्तक हवं असलं की मागे न वळता नंबर सांगतात. मी काढून देते.