दिव्यांचे पंखे

आचोळ्यातल्या एका दुकानात मी माझ्या पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरचे पार्ट निवडत होतो. ग्राफिक्स कार्ड बरं घ्यायचं, तर बाकी कुठेतरी हात आखडता घ्यावा लागणार होता. कॉम्प्युटर थंड ठेवणारे रंगीत दिव्यांचे पंखे मी आधीच बाद केले. दिव्यांनी गेम काही जोरात पळत नाही.

शेजारी खाडीकडच्या गावातले एक काका बसले होते. कॉम्प्युटरच्या काचेच्या कॅबिनेटवरून ते सारखा तळहात फिरवत होते, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. दिव्यांचे पंखे त्यांनी सगळे घेतले आणि ग्राफिक्स कार्डच नको म्हणाले.

मला राहवेना. "काका, दिवे कमी करा आणि कार्ड घ्या. नाहीतर गेम अडकत चालेल."

"खेलनार कोन?" ते म्हणाले. "पोरगा गेला. त्याचा कॉम्प्युटर मी रोज संध्याकाली शेतावर जाताना लावून ठेवायचो. परत येताना खिडकीत उजेड दिसला का वाटायचं, पोरगा घरी हाय. आता तो कॉम्प्युटर पन जलला."

मी हातातलं कार्डाचं खोकं काउंटरवर ठेवलं.

काकांनी दुकानदाराला विचारलं, "हे कोनी खेलत नसलं तरी पेटतं ना?"

दुकानदाराने कॅबिनेटमध्ये पंखे बसवले आणि वायर जोडली. काचेआड निळा उजेड पसरला. काका उठले, रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले आणि तिथून उजेड दिसतो का, ते बघत उभे राहिले.