कानातली ताई

आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. तिथे मी स्तुती-आराधना चालवते, म्हणजे माईक धरून पुढे उभी राहते आणि लोकांना गायला लावते. लोकांना वाटतं, किती आत्म्यात भिजून गाते ही, पुढचं कडवं आपोआप सुचतं हिला. कसलं आपोआप! माझ्या कानात एक इवलंसं यंत्र असतं. त्यात तालाची टिकटिक चालू असते आणि वरून एक आवाज सांगत असतो, "दोन, तीन, चार... दुसरं कडवं... आता ध्रुवपद, हळू." हॉलमध्ये हे कुणाला ऐकू जात नाही, फक्त मला आणि वाजवणाऱ्यांना जातं. तो आवाज माझ्या थोरल्या बहिणीचा होता, आणि ती गेल्यावरही कितीतरी महिने तोच होता.

ताई कीबोर्ड वाजवायची. आमच्या परळच्या खोलीत प्रार्थनासभा भरायची, तिथे पेटीवर भजनं वाजवत ती तयार झाली. पुढे ऑफिसची नोकरी सोडून याच कामात पडली. लग्न, अंत्यविधी, अधिवेशन, जिथून बोलावणं येईल तिथे जायची. मामा विचारायचा, देवाच्या कामात पोट भरतं का गं? ती म्हणायची, "भरत नाही, पण उपाशीही झोपवत नाही." आमच्या सगळ्या गाण्यांचे ट्रॅक, कानातल्या मोजणीसकट, तिने घरीच लॅपटॉपवर केले. खिडकीला गोधड्या टांगायची आणि आम्हाला दमात घ्यायची, "श्वाससुद्धा हळू घ्या." गणपतीच्या दिवसांत कपाळावर हात मारून लॅपटॉप बंद करायची.

भावोजी लालबागचे, बेंजो पार्टीत ड्रम वाजवणारे. एका वरातीत ताईने त्यांना तोंडावर सांगितलं, "हात छान आहे तुमचा, पण धावतो." तो धावणारा हात ताब्यात आणता आणता लग्नच झालं. ते आमच्याकडे वाजवायला लागले.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात ताई प्रभूकडे गेली. तिच्यानंतर कीबोर्डही ट्रॅकमधूनच वाजायला लागला, त्यामुळे कानात यंत्र घालणारे आम्ही दोघंच उरलो, मी आणि भावोजी. पहिल्या रविवारी तिने चार आकडे मोजले आणि मी वळून रिकाम्या कीबोर्डकडे बघितलं. पण तोंडातून गाणं बरोबर आलं, कारण तिने मोजलं की यायचंच. हळूहळू मी त्या आवाजासाठीच हॉलवर जायला लागले. प्रभूची स्तुती वरवरची, कान सगळा तिच्याकडे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

भावोजी मनातलं बोलायचं झालं की मालवणीवर येतात. एकदा सराव संपल्यावर ते म्हणाले, "तो आवाज काढ गो. माका आता जमणा नाय."

माझं डोकंच फिरलं. तिचं गाणं यूट्यूबवर कुणीही ऐकावं, पण तिचं बोलणं फक्त या ट्रॅकमध्ये उरलं होतं. "तुम्हाला जमत नसेल तर ड्रम सोडा, तिला हात लावू नका," असं मी त्यांना सुनावलं. ते काठ्या पिशवीत भरून निघून गेले. पुढच्या रविवारी आले आणि वाजवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

असेच दिवस चालले होते. एका रविवारी उपदेश संपल्यावर पाळकसाहेबांनी अचानक एक जुनं गाणं सांगितलं. ताई गेल्यापासून आम्ही ते घेतलं नव्हतं. मी लॅपटॉपवर शोधून सुरू केलं. लोक डोळे मिटून, हात वर करून गात होते. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध कानात ताई घाईघाईने म्हणाली, "अगं, गॅस बंद कर."

"हो ताई," मी म्हणाले. माईकमध्ये.

ड्रम थांबला. सगळ्या हॉलचे डोळे उघडले. मेलेल्यांशी बोलणं आमच्यात पाप, आणि मी भर आराधनेत बोलले होते. मागून एक काकू "हालेलुया!" ओरडल्या, त्यांना वाटलं मला दर्शन झालं. पाळकसाहेबांनी पटकन प्रार्थना सुरू केली. मला हसू येत होतं, ते मी माईक बाजूला धरून दाबलं.

आई पहिल्या रांगेत बसली होती. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

"काय म्हणाली ती?"

मी यंत्र दाखवलं, सगळं सांगितलं. "गॅस बंद कर म्हणाली."

आई हसली. "गाणं भरताना कुकर लावला असेल. मला ऐकव."

मी ते पदराला पुसून तिच्या कानात घातलं. भावोजींनी तेच गाणं लावलं. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता आईचा चेहरा दिसत होता. मध्ये एकदा तिने मान हलवली. ते गाणं झालं, तिने दुसरं लावायला सांगितलं, मग तिसरं. शेवटी तिने यंत्र काढून मुठीत धरलं.

"अजून मोजतेय रे पोरगी," ती भावोजींना म्हणाली. "जिवंतपणी तुमच्यासाठी खपली ती खपली. आता कसली ड्युटी लावलीत तिला? काढा तो आवाज."

"आई, मग तिचं बोलणं कुठे ऐकायचं?"

"नाही ऐकायचं," आई म्हणाली. "मी कुठे ऐकत होते इतके दिवस?"

मला तोंड वर करवेना. भावोजी तिथेच बसले, एकेक गाणं उघडून तिचा आवाज पुसत गेले आणि रडत गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी कानात नुसती टिकटिक होती. पहिलं कडवं झालं आणि आम्ही दोघंही तिची वाट बघत थांबलो. मंडळी थांबली नाही. त्यांनी आपलं आपण दुसरं कडवं उचललं, आणि आम्ही दोघं मागून जाऊन त्यांना मिळालो.