तेरा फुटांची काठी

मी पदवीधर झालो तो कदम सरांमुळे. उन्हाळ्यात ते माझ्याकडे ग्लासगोला येणार होते, सॅमन मासे पकडायच्या हौसेनं. बूच तरंगत सोडून मासे धरायची तेरा फुटी काठी मी त्यांच्यासाठी निवडली.

गळ-काठ्यांच्या त्या दुकानातला म्हातारा गिऱ्हाइकाच्या हाती काठी देतो आणि चहा करायला आत जातो. तोवर काठी आडवी धरून उभं राहायचं, हा त्याचा नियमच. माझा खांदा भरून आला.

"कुणासाठी?" चहा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझ्या सरांसाठी. सत्तरीचे आहेत."

"खांदा कसाय त्यांचा?"

मला माहीत नव्हतं. त्यानं काठी परत घेतली. "आधी विचार, पोरा. मग विकतो."

मी पत्र लिहिलं: "सर, साष्टांग नमस्कार. आजवर मी फक्त माझीच खुशाली कळवत आलो. तुमचा खांदा कसा आहे, ते खरं कळवा."