प्लगकडे तोंड करून

पिक्चर बघताना माझ्या सासूबाई टीव्हीकडे पाठ करून बसत. तोंड प्लगकडे. शेजारी पाण्याची बादली आणि तिच्यात भिजत घातलेलं एक पोतं.

टीव्ही आणि सीडी प्लेयर माझ्या माहेरून, मलकापूरहून आलेले. सासर वरवट बकालच्या पलीकडे, दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत चूल आणि आम्ही, आतल्या मोठ्या खोलीत कापूस. ज्यांच्या घरात कापूस कधी राहिला नाही त्यांना सांगते. वेचणी झाली की तो घरात येतो आणि भाव चढेपर्यंत पाहुण्यासारखा पसरतो. जमिनीपासून आढ्यापर्यंत गंजी. अंगाला खाज, केसांत तंतू, भाकरीतही तंतू. आमच्याकडे ते बीटी बियाण्याचं दुसरं वर्ष होतं. बोंडं भरपूर लागली, पण सगळ्यांनाच लागली आणि भाव बसला. सासरे भगवानराव, त्यांना मी मामाजी म्हणते, ते म्हणाले, होळीपर्यंत विकायचा नाही. घराचं अख्खं वर्ष त्या खोलीत रचून ठेवलेलं होतं. आणि घरातला एकुलता एक प्लग त्याच खोलीत.

सासूबाईंचं नाव रुखमाबाई, मी आत्याबाई म्हणायची. बाई कोणाला भ्यायची नाही, पण कापूस घरात आला की तिचा जीव मुठीत. देव आतल्या कोनाड्यातून ओसरीवर हलवले. येणाऱ्याची बिडी दारातच पाण्यात बुडवून घ्यायची, मग तो सरपंच का असेना. रोज संध्याकाळी बांगड्या मागे सारून गंजीत खांद्यापर्यंत हात घालायची. चार ठिकाणी. आत गरम तर लागत नाही ना, बघायला.

"कापूस लय बेइमान असते, पूनम," ती म्हणायची. "आतून जळते अन् वरून पांढराच दिसते."

मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, झालं हिचं सुरू.

युसूफभाईंच्या दुकानातून मी दर रविवारी दोन सीड्या भाड्याने आणायची. भारनियमनातून दुपारी लाईट आली की मी, शेजारच्या बेबीताई आणि माझी दहा महिन्यांची मिनू कापसावर चढून बसायचो. याच्याइतकी मऊ बैठक मुंबईच्या थेटरातही नसेल. सासूबाई खाली, प्लगसमोर. पिक्चर तिला नुसता ऐकू यायचा. आगीची, काडी ओढल्याची चाहूल लागली की तेवढी मान वळवून बघायची.

त्यामुळे तिचं पिक्चरबद्दलचं मत जगावेगळं असे. हिरोहिरॉइनच्या लग्नात आमच्या डोळ्यांना पाणी, आणि ही म्हणे, "एवढा मोठा कापडाचा मंडप, अन् त्याच्याखाली होम. एकालेही अक्कल नाही." भुताच्या हवेलीचा पिक्चर लागला तेव्हा बेबीताईंनी पदरात तोंड लपवलं. सासूबाई शांत. "भूत काय करते वं? थे मेणबत्ती पाहा तिच्या हातातली. पडद्याले लागली मंग?" व्हिलनच्या अड्ड्यात पेट्रोलची पिंपं दिसली की ती उठून उभीच राहायची. पिक्चर चांगला का वाईट हे ती एकाच मापाने सांगायची. "बरा होता. दोनच बिड्या पेल्या."

आम्ही पोट धरून हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही.

माघ महिन्यात टीव्हीच्या वायरची पिन तुटली. माझा नवरा दीपक नवीन आणतो आणतो म्हणत तीन आठवडे विसरला. मला धीर नव्हता. मी वायरची टोकं दातांनी सोलली, भोकांत खुपसली आणि काडीपेटीच्या दोन काड्या ठोकून घट्ट केली. यात मी काही नवीन शोधलं नव्हतं. अर्ध्या गावाचे पंखे असेच चालायचे. पण सासूबाईंनी त्या काड्या पाहिल्या असत्या तर टीव्ही उकिरड्यावर गेला असता. म्हणून मी गंजीचा एक कोपरा खाली ओढला आणि प्लग झाकून टाकला.

"थे कापूस काऊन आला तिथं?" तिने लगेच विचारलं.

"घसरला, आत्याबाई. उद्या हे आले की वर लोटतीन."

ती बादली घेऊन त्या ढिगासमोर बसली.

तो रविवारच होता; मामाजी शेतात होते आणि दीपक भाव विचारायला मलकापूरला. लाईट अचानक जोरात आली, पंखा घुमला, टीव्हीवर चित्र उडालं आणि पुन्हा स्थिर झालं. दोन भावांची ताटातूट होते तसला पिक्चर होता. मिनू माझ्यामागे गंजीवर झोपून गेली होती. पिक्चरमध्ये गावगुंडांनी झोपडी पेटवली आणि सासूबाई म्हणाली, "काहीतरी जळून राह्यलं."

"टीव्हीत जळतंय, आत्याबाई," मी म्हटलं. बेबीताई हसल्या.

"वास येते मले."

"टीव्हीचा वास येतो का कुठं?"

ती वाद घालत बसली नाही. बांगड्या मागे सारल्या आणि ढिगात हात घातला. हात आत गेला आणि तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगी दे."

मला कळलं, पण मी वरचा कापूसच बघत राहिले. कापूस वरून पांढराशुभ्र होता. तिने स्वतः वर चढून मिनूला उचललं, माझ्या अंगावर टाकलं, बेबीताईंना मेन बंद करायला पिटाळलं आणि दोन्ही हातांनी ढीग उपसायला लागली. आतून काळं निघालं. काळ्यावर लाल कड सरकत होती, ज्वाळा नव्हती. वारा लागला तशी भपकन पेटली. तिने ओलं पोतं टाकलं, बादली ओतली, पेटलेला कापूस कवटाळून अंगणात नेला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मिनूला ओसरीवर ठेवून मी हंडे आणले. शेजारपाजारचे धावले. तासाभरात विझलं. चार आणे कापूस गेला, बारा आणे वाचला, त्यातला बराच भिजून पिवळा पडणार होता.

मी अंगणात मिनूला घेऊन बसले होते. तेवढ्यात सासूबाईला आतून येताना पाहिलं. तिच्या भाजलेल्या मुठीत काहीतरी होतं. ती चुलीशी वाकली आणि मूठ उघडली. दोन अर्धवट जळक्या काड्या चुलीत पडल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग मामाजी आले. दारात उभे राहिले. खोलीत पाहिलं, अंगणात पाहिलं आणि खाली बसले. एक शब्द नाही. आणि तेव्हा मला जी भीती वाटली तशी आगीचीही वाटली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांचे दोस्त कारभारी असेच गप्प झाले होते. दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन शेतात गेले. त्यांना खांदा देऊन मामाजी आले, तेव्हापासून आमच्या घरातला डबा सासूबाईने कुठे लपवला होता ते मलाही माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "कसं लागलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, एवढं खरं.

"मी लावलं," सासूबाई म्हणाली. "एकादशी होती. देवाच्या जुन्या कोनाड्यात उदबत्ती लावली. इसरली."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं. गावाच्या बिड्या विझवणारी बाई. मग त्यांचा तोल गेला. ओरडले. तिचं माहेर काढलं, अक्कल काढली, देवधर्म काढला. अंगण दणाणून सोडलं. ती हातांना लोणी लावत खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं, पुढे व्हावं आणि खरं सांगून टाकावं. पण मी भित्री, मिनूला घट्ट धरून तशीच बसले.

ते तीन दिवस बोलत होते. चौथ्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलले. त्या दिवशी मी चुलीपाशी तिचे पाय धरले. म्हटलं, "आत्याबाई, मी सांगते त्यांना."

"गप बैस," ती म्हणाली. "त्यायले बोलू दे. बोलून राह्यले तं जेवतीन, जेवले तं झोपतीन. गप बसले असते तं मी काय केलं असतं?" मग पट्ट्या बांधलेले हात पुढे करून म्हणाली, "अन् पीन आणजो नवी."

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. आता कापूस वेचला की थेट गाडीत भरून जातो, घर पक्कं झालं, टीव्ही भिंतीवर आहे. गावभर मात्र ती उदबत्तीवाली म्हणूनच राहिली. पोरंटोरं चिडवायची, ती हसायची. मामाजी तर प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आमच्या हिनं एकादशीला घर पेटवलं होतं. ती बाजूला बसून हाताच्या पांढऱ्या डागांवरून अंगठा फिरवायची, आणि त्यांचं काही चुकलं तर दुरुस्तही करायची.

गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मामाजी कमी बोलतात. कधी कधी दुपारभर ओसरीवर बसून राहतात, जेवायला बोलावलं तरी ऐकू येत नाही. खरं सांगायचा धीर मी किती वेळा गोळा केला, पण त्यांना तसं बसलेलं पाहिलं की मला कारभारी आठवतात. मग मी त्यांना आत आणते, टीव्ही लावते आणि म्हणते, "मामाजी, थे उदबत्तीचं सांगा ना."

ते आधी नको म्हणतात. मग गळा साफ करतात. "अवं, थे काय बाई होती," असं म्हणून सुरू करतात. मी ताट वाढते आणि प्लगकडे तोंड करून ऐकत बसते.