लाकडी बाळाची टाळू

आधीच सांगते, मी ऑडिटर आहे. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात दिवसभर लोकांना 'पुरावा दाखवा' म्हणत बसते. चमत्काराच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... तरी लिहिते.

आमचा ओम अडीच महिने आधी जन्मला. हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होता, नाकातोंडात नळ्या. आई बाळंतपणासाठी पुण्याहून आली ती घरी काढलेलं खोबरेल घेऊनच, त्यात वेखंड उगाळलेलं. पहिल्याच दिवशी नर्सने, इथे सगळेच वाक्याच्या शेवटी लावतात तसं 'लाह' लावून, सांगितलं, "नो ऑइल लाह, आंटी." बाटली आईच्या पर्समध्येच राहिली. नातवाला तिने अजून बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला — इन्फेक्शन वाढलंय, आजची रात्र निघाली तर बघू. आम्ही दोघी लगेच निघालो. मरीन परेडच्या बसस्टॉपपर्यंत चालताना माझे टाके ओढायला लागले, म्हणून वाटेतल्या चर्चमध्ये जरा टेकलो. तिथे एका टेबलावर लाकडाचं बाळ उभं होतं. हातभर उंच, उघडंबंब, गाल गुलाबी रंगवलेले, कुठे कुठे रंगाचे पोपडे उडालेले. नाताळ जवळ आला म्हणून काचेच्या कपाटातून बाहेर काढलं होतं. पाटीवर लिहिलं होतं — बाळ येशू, जर्मनी, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा. डोक्यावरचं भोक, मूर्ती कोरताना ओंडका अडकवता यावा म्हणून पाडलेलं. मी आईला वाचून दाखवलं.

"भोक कसलं, टाळू आहे ती," आई म्हणाली. "भरलीच नाही कोणी."

मी "अगं, हात लावू नकोस, जुनं आहे ते" म्हणेपर्यंत तिने बाटली उघडून दोन थेंब सोडलेसुद्धा! बोटाने हळूहळू जिरवत राहिली, काहीतरी पुटपुटत. मी जाम चिडले होते. कोणी बघितलं असतं तर काय सांगणार होतो? मग बघितलं तर ती रडत होती.

हॉस्पिटलात पोचलो तर नर्स दारातच मला रागावली. "मम्मी, आय ऑलरेडी टोल्ड यू, नो ऑइल लाह."

ओमची टाळू तेलाने चकचकत होती. आम्ही आत्ता येतोय, मी म्हटलं. ती बिचारी गोंधळली, कारण सकाळपासून तीच पेटीपाशी होती आणि दुसऱ्या कोणी आत हात घातला नव्हता. तिने कापसाने तेल पुसलं. मी तो कापूस मागून घेतला, हुंगला... वेखंड.

ती रात्र निघाली. पुढच्याही निघाल्या. ओम आता चार वर्षांचा आहे आणि पोळी खायला सांगितली की "डोन्ट वॉन्ट लाह" म्हणतो.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. नर्सला विचारलं, तिथे असलं काही तेल वापरतात का तेही विचारलं. नाही वापरत. माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि मला उत्तराशिवाय झोप लागत नाही. शेवटी मागच्या महिन्यात फोनवर आईला विचारलं, तुला काय वाटतं.

"ते लेकरू एकटं उभं होतं गं," ती म्हणाली. "आई नाही जवळ, कोणी नाही. म्हणून मी भरली त्याची टाळू."

"हो, पण मग आपल्या ओमची कोणी भरली?"

"त्या लाकडाच्या लेकरालाही असेलच की आजी," आई म्हणाली.