सातवा लोडर

काशिनाथ गेला तो मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात, लोडरच्या शेजारी उकिडवा बसलेला असताना. वय एकसष्ट. पनवेलच्या रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी हृदयविकाराचा तीव्र झटका असं कारण लिहिलं. मशीनने त्याला काही केलं नव्हतं. हे आधीच लिहितो, कारण यार्डातून आलेल्या पहिल्या फोनवर शब्द होते, “मिस्त्री मशीनजवळ पडलेत, मशीन चालू हाय.” मी तिथे पोचेपर्यंतच्या चाळीस मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र होतं. त्या भीतीला कारण होतं, आणि ते काशिनाथ आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

तो माझा मावसभाऊ. त्याच्या घरची मिठागरं होती. ती गेली, जमीन गेली, आणि गावाभोवती कंटेनरची यार्डं उभी राहिली तसा तो यंत्रांकडे वळला. शाळा आठवीपर्यंत. पुढची तीस-बत्तीस वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून उरणपर्यंत तो ‘काशी मिस्त्री’ होता. काम मुख्यतः स्किड लोडरचं. गोदामात, गल्लीत, दोन भिंतींच्या मध्ये मावणारा हा बुटका लोडर. त्याला स्टिअरिंग नसतं. दोन लिव्हर असतात, डाव्याने डावीकडची चाकं फिरतात, उजव्याने उजवीकडची. लिव्हर सोडले की दोन्ही आपोआप मधे यायला हवेत आणि गाडी जागच्या जागी थांबायला हवी. जुन्या गाड्यांत नेमकं तेच होत नाही. लिव्हरच्या सांध्यांतले बुश, म्हणजे धातूची कडी, झिजतात, लिव्हर मधे आल्यासारखा दिसतो पण चाकं फिरवणाऱ्या तेलाच्या पंपाला ते कळत नाही, आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत राहते.

काशिनाथची तपासणीची रीत ठरलेली होती. रेल्वेच्या रुळांखालचे जाड लाकडी स्लीपर घालून चारही चाकं जमिनीपासून वीतभर उचलायची, प्रत्येक टायरवर खडूची रेघ ओढायची, इंजिन चालू करायचं, लिव्हर सोडायचे आणि बाजूला बसून रेघांकडे बघायचं. रेघ हलली तर दोष त्या बाजूला. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानाला. पंप रडतोय की सांधा खडखडतोय, हे तो ऐकून सांगायचा. मालक घाई करू लागले की म्हणायचा, “शेठ, डॉक्टरकडं गेल्यावर पन असंच बोलता काय, लवकर तपासा म्हनून?”

दुसरा दोष विजेचा. या लोडरला दरवाजा समोर असतो. ड्रायव्हरला माल उचलायच्या पुढच्या बकेटवरून चढावं लागतं आणि बकेटसमोरच उतरावं लागतं. म्हणून ड्रायव्हर सीटवर नसेल तर चाकं जखडून ठेवणारा एक स्विच सीटखाली दिलेला असतो. पावसाळ्यात तो स्विच गंजतो. मग ड्रायव्हर बसलेला असतानाही गाडी भर कामात दचकून थांबते. जुन्या मॉडेलचा स्विच मिळत नाही, मालक ओरडतो, आणि मिस्त्री एक तार टाकून स्विच वगळून टाकतो. आमच्या भागात याला ‘डायरेक्ट करणं’ म्हणतात. सगळेच करतात. काशिनाथनेही केलं. त्यात एक भर पडते, तीही इथे सगळ्यांना ठाऊक आहे: जुन्या गाडीची बॅटरी कमजोर, स्टार्टर त्याहून कमजोर, म्हणून ड्रायव्हर सकाळी एकदा इंजिन चालू करतो ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद करत नाही. उतरतानाही नाही.

तीन वर्षांपूर्वी कळंबोलीत असाच एक लोडर, इंजिन चालू, सीट रिकामी, आपण होऊन सरकला. समोर बबन नावाचा कामगार ट्रेलरला टेकून बिडी ओढत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो. आमच्या पानावर चार ओळींची बातमी लागली, तीही मीच केली. माहिती काशिनाथकडूनच घेतली होती, कारण मालकाने गाडी तपासायला त्यालाच बोलावलं होतं. बातमीत शब्द होते ‘तांत्रिक बिघाडामुळे’.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पनवेलला माझ्या घरी आला. हातात पेपर होता. पाणी दिलं ते प्यायला नाही.

“तू लिवलंस तांत्रिक बिघाड.”

“तूच सांगितलंस.”

“बिघाड नाय रे. मी हाय तो.”

सीटखालची तार त्याने ओळखली होती. लाल तार, दोन पीळ, वर हिरवी टेप, टेपचं टोक आत दुमडलेलं. टोक दुमडायची सवय त्याचीच. सहा वर्षांपूर्वी त्या गाडीची तक्रार आली तेव्हा त्याने ती अर्ध्या तासात ‘डायरेक्ट’ करून दिली होती. तेव्हा सांधे घट्ट होते, गाडी सरकत नव्हती, तारेने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. सांधे झिजत गेले. तार तिथेच राहिली.

त्याने ती तार काढून खिशात घातली होती. मालकाला सांगितलं नाही, बबनला सांगितलं नाही. मीही खुलासा छापला नाही. तो म्हणाला, “अजून किती गाड्यांत हाय, आठवतंय मला. नाय आठवत असं पन वाटतंय…” बोलताना त्याचे हात मांडीखाली होते.

त्याने आठवून आठवून सात गाड्या काढल्या. पुढची तीन वर्षं तो त्यांच्यामागे होता. बहुतेक गाड्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या, रंग बदललेले, नंबराच्या पट्ट्या निघालेल्या. एखादी सापडली की जुन्या गाडीतून काढलेला स्विच साफ करून बसवायचा, सांधे बदलायचे, चाकं उचलून खडूच्या रेघा बघायच्या. मालकांना हे नको असायचं. एकदा मी सोबत होतो. उलव्याकडचा एक ठेकेदार म्हणाला, “चालतेय ना गाडी? मग चालती गाडी कशाला बिघडवतोस, म्हाताऱ्या?” काशिनाथने ठेकेदाराला सीटवरून उतरायला लावलं, बकेटसमोर उभं केलं आणि म्हणाला, “आता हितं दोन मिनिटं उभं रावा. गाडी चालूच हाय.” ठेकेदार अर्ध्या मिनिटात बाजूला झाला आणि म्हणाला, कर काय करायचं ते.

त्या तीन वर्षांत तो बदलला. कुठल्याही चालू वाहनासमोरून जायचा नाही. रिक्षा उभी असली तरी वळसा घालून मागून जायचा. पुतणीच्या हळदीला डीजेचा टेम्पो अंगणात, इंजिन चालू, समोर बायका-मुलं नाचत होती. याने ड्रायव्हरला हाताला धरून खाली उतरवलं आणि चावी काढून घेतली. इंजिनबरोबर गाणंही बंद पडलं. “काशीला टेम्पोचं भूत लागलंय,” असं म्हणून सगळे हसले. तोही हसला. चावी मात्र त्याने टेम्पोच्या चाकांना दगड लावल्यावरच परत दिली. घरी त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कामाचा ताण आहे, एवढंच त्या समजत होत्या. मला मात्र त्याचा दर आठवड्याला फोन यायचा. वाक्य एकच, “कुटं काय छापून आलं नाय ना?” मी नाही म्हणायचो. तो फोन ठेवायचा.

मंगळवारी जासईत तो ज्या गाडीपाशी गेला ती सहावी. तार निघाली होती, स्विच बसला होता, चाकं स्लीपरवर होती. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मिस्त्रीने नंतर सांधे पूर्ण केले. गाडी ठीक आहे, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

दिवस झाल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे एक ऱ्हायली?”

“हो.”

“तिच्यावर कोन बसतो?”

“माहीत नाही.”

“मग तुमी हितं काय करता, भावोजी?”

सातव्या गाडीबद्दल काशिनाथने मला सांगितलेली खूण एकच होती. मागच्या, इंजिनाच्या दारावर वेल्डिंगचं तिरकं ठिगळ, वीतभर लांब. मी कळंबोलीतली सुट्या भागांची दुकानं केली, ठेकेदारांना फोन केले. बातमी शोधायची सवय होती, भीती मात्र नवी होती. प्रत्येक फोनला कुणी उचलेपर्यंत वाटायचं, हा माणूस आता सांगेल की कालच एक अपघात झाला… चौदा जणांनी अशी गाडी पाहिली नाही असं सांगितलं. पाचव्या आठवड्यात एका दुकानदाराने, अशा ठिगळाची गाडी नवीन पनवेलच्या एका बांधकामावर गेल्याचं सांगितलं आणि तिथल्या सुपरवायझरचा नंबर दिला. गुरुवारी सकाळी अकरा पस्तीसला मी फोन लावला. मागे इंजिनाचा आवाज होता.

“हो काका, ठिगळ आहे. गाडी मस्त आहे, काही कंप्लेंट नाही.”

“ड्रायव्हर सीटवर आहे का?”

“नाही, उतरलाय. बकेटच्या दातांत सळ्या बांधायची तार अडकलीय, ती तोडतोय.”

“गाडी बंद करा.”

“बंद केली तर परत स्टार्ट कोण देणार? तुम्ही येणार का धक्का मारायला?”

“येतो. आधी बंद करा. समोर जाऊ नका. मागचं दार उघडा, इंजिनाचा स्टॉप लिव्हर ओढा. आत्ता.”

तो काहीतरी पुटपुटला. ड्रायव्हरला हाक मारल्याचं ऐकू आलं. इंजिनाच्या आवाजात ती पोचली नसावी. मग पावलं, दाराचा पत्रा आपटल्याचा आवाज. अकरा सदतीसला इंजिन बंद झालं.

मी बारा वाजेपर्यंत तिथे पोचलो. गाडी जिथे थांबली होती तिथेच होती. ड्रायव्हरचं नाव रमेश, वय सव्वीस. तार तोडताना त्याच्या पाठीमागे तळघराची काँक्रीटची भिंत होती. तो उतरला तेव्हा भिंत आणि बकेट यांच्यात मोकळी जागा होती, चारेक फूट, असं त्याने सांगितलं. गाडी सरकल्याचं त्याला कळलं नव्हतं; तो गुडघ्यांवर बसून तार तोडत होता. सुपरवायझरने इंजिन बंद झाल्याबरोबर टेपने अंतर मोजलं होतं.

ते एक फूट चार इंच भरलं.