पिवळ्या गाडीचे मालक

माझ्या बायकोच्या मामांइतका पावसाला भिणारा दर्यावर्दी साऱ्या जगात दुसरा सापडायचा नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर काढली आणि चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. भर अटलांटिकमध्ये, वादळात, बंद पडलेलं इंजिन त्यांनी कसं चालू केलं ती हकीकत ते भेंडी चिरता चिरता, काल मंडईत गेलो होतो अशा सुरात सांगतात. पण बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून आभाळ जरा काळवंडलेलं दिसलं की या माणसाचा चेहरा उतरतो. कारण खाली, बहुमजली कार पार्कमध्ये, एका खांबाच्या आडोशाला त्यांची गाडी उभी असते. आणि ती आपल्या डोक्यावर छप्पर असताना भिजणार नाही, एवढा भरवसा मामांना सिंगापूरच्या स्थापत्यशास्त्राचाही वाटत नाही.

गाडी जपानी, स्पोर्ट्स कार, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. माणसं दोन मावतात, तीही बेताची. इतकी बुटकी की तिच्यात बसावं लागत नाही, विहिरीत उतरावं तसं उतरावं लागतं. पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात. बटण दाबलं की ते पापण्या उघडाव्यात तसे वर येतात, डावा आधी, उजवा किंचित मागून. रंग पिवळा. मामा त्या रंगाचं काहीतरी लांबलचक जपानी नाव सांगतात. मामी म्हणतात, "आम्रखंड."

सिंगापुरात पाऊस ऋतू पाहून येत नाही, पेपरवाल्यासारखा नेमाने येतो. त्यामुळे गाडी बाहेर काढायची म्हणजे मामांचा आधी आभाळाचा अभ्यास. एकदा माझ्या भावाच्या लग्नाला मी पुण्याला निघालो होतो, तेव्हा "विमानतळावर मी सोडतो" असं ते स्वतःहून म्हणाले. हा मान घरात फार थोड्यांना मिळालेला. डिकीत जेमतेम एक डबा मावतो, म्हणून बॅग मांडीवर घेऊन मी बसलो. अर्ध्या वाटेत टपटप सुरू झाली. मामांनी तडक गाडी वळवली आणि एका पुलाखाली, पाऊस चुकवायला थांबलेल्या मोटरसायकलवाल्यांच्या रांगेत नेऊन उभी केली. रेनकोट चढवत असलेली ती मंडळी आमच्याकडे बघतच राहिली.

"जावईबुवा, तुम्ही टॅक्सी करा," मामा म्हणाले. "मी थांबतो."

"अहो मामा, पण माझं विमान..."

"विमानाला पावसाचं काही नसतं. ते ॲल्युमिनियमचं असतं."

गाडीची निगा हा मामांच्या दिनक्रमाचा भाग नव्हे, दिनक्रमच तो. मामींची एकही जुनी सुती साडी गोधडीपर्यंत पोहोचलेली नाही. सगळ्या त्या पिवळ्या पत्र्यावरून फिरून संपल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मामा डॉक्टरसारखे डोळे मिटतात आणि "आज जरा नाराज आहे" असं निदान करतात. ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून, हुंगून बघतात. आमटीत मीठ पडलंय का हे मात्र त्यांना कधी कळलेलं नाही. जपानला जाणारा ओळखीचा माणूस त्यांच्या तावडीतून सुटत नाही. लोक तिकडून चॉकलेटं आणतात. मी ऑफिसच्या कामाला ओसाकाला गेलो तेव्हा या गाडीचा बाजूचा आरसा आणला, बायकोच्या शालीत गुंडाळून, आणि तपासणीच्या ठिकाणी तो कोणत्या आजाराचं उपकरण आहे याचा खुलासा करत उभा राहिलो.

खरी दुरुस्ती कार पार्कमध्ये करायला परवानगी नाही. त्यासाठी आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या घराजवळ, एक गॅरेज आहे. तिथला मालक मामांना एक कोपरा आणि हत्यारं वापरू देतो. जहाजावरचा जुना बॉयलर सूट, म्हणजे सदरा-पँट एकत्र शिवलेला कामाचा पोशाख, चढवून मामा तिथे गाडीखाली शिरले की जेवायला हाक मारायलाही कोणी जात नाही. आणि स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागणं तर अशक्य. त्यांची मुलगी आता मेलबर्नला असते. नवीन लायसन्स मिळालं तेव्हा तिने किल्ली मागितली होती. नकार ऐकून ती म्हणाली, "पपा, इट्स जस्ट अ कार, लाह." मामा दोन दिवस जेवताना फक्त मामींशी बोलले.

सिंगापुरात गाडी ठेवायची म्हणजे ठरावीक वर्षांनी सरकारी परवान्याची मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि ते प्रकरण इतकं महाग आहे की शहाणी माणसं तेव्हा गाडी मोडीत काढतात. मामांनी ते आजवर हूं की चूं न करता केलं. पण गेल्या वर्षी पुन्हा मुदत जवळ आली तेव्हा पहिल्यांदाच ते टाळाटाळ करू लागले. मामींचे गुडघे गेले होते. त्यांना त्या विहिरीत उतरता येत होतं, वर येताना मात्र दोघांनी ओढावं लागायचं. मामांची पाठही कुरकुरत होती. जुन्या गाड्या परदेशी पाठवणाऱ्या एका माणसाने येऊन गाडी पाहिली, आवडली म्हणून सांगितलं. मामा त्याला "कळवतो" म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता.

त्याच दिवसांतली गोष्ट. रविवारी सकाळी मामा गॅरेजमधून बॉयलर सूटमध्येच बाहेर आले, आणि आम्ही दोघं शेजारच्या कॉफी शॉपमध्ये बसलो. गाडी समोरच उभी होती. तेवढ्यात एक वृद्ध चिनी गृहस्थ मुलीचा हात धरून रस्त्याने आले आणि गाडीपाशी थबकले. त्यांनी गाडीला सावकाश एक फेरी घातली. मग टपावर तळवा ठेवला. मामा ताडकन उठले. त्यांच्या मागे मीही.

मामांचा बॉयलर सूट पाहून त्या गृहस्थांनी विचारलं, "माय कार रेडी ऑलरेडी, आह?"

मुलगी कानकोंडी झाली. बाजूला येऊन हळूच म्हणाली की वडिलांची स्मृती गेली आहे, पूर्वी त्यांच्याकडे अशीच गाडी होती, माफ करा. मामा ताठपणे म्हणाले, "धिस इज माय कार." त्या गृहस्थांनी ते ऐकलंच नाही. त्यांनी डाव्या दाराच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं आणि सांगू लागले की मुलगी झाली त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये घाईघाईने गाडी मागे घेताना इथे खांब लागला, पोचा पडला, तो नीट भरलाय ना तेवढं बघ.

मामांचा चेहरा बदललेला मला दिसला. त्या जागी रंगाखाली लांबी भरलेली आहे हे त्यांना फार वर्षांपूर्वी बोटांनी कळलं होतं. वरून कोणालाही दिसत नाही. हे कोणी आणि कसं केलं असेल, असं ते मला अनेकदा बोलून दाखवत. गाडी त्यांनी एका विक्रेत्याकडून जुनी घेतली होती. पहिला मालक कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मामांनी दारावरच्या त्या जागेवरून अंगठा फिरवला. मग दोन्ही हात पुसत म्हणाले, "नेक्स्ट संडे, बॉस. स्टिल चेकिंग."

जन्मभर ज्यांना बंदरोबंदरी लोक 'चीफ' म्हणत आले, ते माझे मामेसासरे अशा रीतीने आपल्याच गाडीचे मेकॅनिक झाले. पुढच्या रविवारी बॉयलर सूटला चक्क इस्त्री होती. मुलगी वडिलांना घेऊन आली, मामांनी त्यांना शेजारी बसवलं आणि 'टेस्टिंग'साठी ईस्ट कोस्टपर्यंत फिरवून आणलं. मग ते दर रविवारी सुरू झालं. बॉस वाटभर चुका काढायचे. क्लच उशिरा सोडतोस, ब्रेक फार लवकर दाबतोस, म्हातारीसारखी चालवतोस. मामा "यस बॉस" म्हणायचे. एकदा तर बॉसनी वाटेत थांबायला लावून मामांसाठी प्लास्टिकच्या पिशवीत गरम कॉफी बांधून घेतली. ज्या गाडीत मामींना लवंगही तोंडात ठेवायची परवानगी नाही, त्या गाडीत ती पिशवी आरशाला लटकवून, हेलकावे खात बेडोकपर्यंत आली. मामांनी ती खाली उतरून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"माझ्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी असली तरी हे पेपर अंथरायला लावतात," मामी मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मग एका रविवारी बॉसनी हात पुढे केला. माझी गाडी रोज तूच का चालवतोस, किल्ली दे. मुलगी समजावू लागली तसे ते जास्तच चिडले, आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्त्यावर त्यांच्या हाती गाडी देणं शक्यच नव्हतं. मामा म्हणाले, "नेक्स्ट संडे, बॉस." आठवडाभर ते कोणाकोणाला फोन करत होते. जहाज दुरुस्तीच्या धंद्यातल्या एका जुन्या मित्राचं मोकळं आवार पश्चिमेला होतं. रविवारी तिथे चिटपाखरू नसायचं. तिथे आम्ही चौघं गेलो, मी आणि ती मुलगी टॅक्सीने.

मामा शेजारच्या सीटवर बसले, उजवा हात हँडब्रेकवर. त्या बाजूने आपल्या गाडीत ते प्रथमच बसत होते. बॉसनी चावी फिरवली, आणि गाडी इतकी अलगद निघाली की मुलीने माझा दंड घट्ट धरला. पहिला गिअर, दुसरा गिअर. त्यांच्या हातांना सगळं आठवत होतं. आवाराच्या टोकाशी वळण घेऊन ते परत आमच्याकडे येऊ लागले, हसत होते. आणि अर्ध्या वाटेत ते हसू मावळलं. त्यांनी स्टिअरिंग सोडून दिलं आणि शेजारी बघितलं, हे कोण, मी कुठे, अशा नजरेने. मामांनी एका हाताने चाक फिरवलं, दुसऱ्याने ब्रेक ओढला. गाडी थांबली, पण लाकडी फळ्यांच्या ढिगाऱ्याला घासून. पुढच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत एक लांब, पांढरा ओरखडा उमटला.

आम्ही धावत पोहोचलो तेव्हा बॉस गाडीतून बाहेर यायला धडपडत होते. "आय स्पॉइल्ट इट," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "होल कार स्पॉइल्ट."

मामांनी ओरखड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बॉसचा हात हातात घेतला. "स्मॉल थिंग, बॉस. मी मेकॅनिक आहे ना. माझं कामच आहे ते." पुढची वाक्यं मराठीत गेली हे त्यांना कळलंच नाही. बॉस मात्र शांत झाले.

ओरखडा पुढच्या रविवारच्या आत बुजवला गेला. पण त्या रविवारी बॉस आले नाहीत. घरात पडले होते, कंबरेचं हाड मोडलं होतं. पुढे त्यांना एका शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. मुलीने फोन करून सांगितलं आणि इतके दिवस त्रास दिल्याबद्दल मामांची क्षमा मागितली. मामांनी तिला भेटायची वेळ काय असते तेवढंच विचारलं. पुढच्या रविवारी बॉयलर सूट घालून ते तिथे हजर. बॉसच्या कॉटशेजारी बसून त्यांनी आठवड्याचा अहवाल दिला: ऑइल बदललं, मागच्या ब्रेकचे पॅड बघितले, कूलंट ठीक आहे.

गाड्या परदेशी पाठवणाऱ्या त्या माणसाला अखेरचं उत्तर द्यायचा दिवस आला, त्याच्या आदल्या रविवारी मी मामांबरोबर होतो. अहवाल संपल्यावर ते जरा घुटमळले. मग म्हणाले की बॉस, गाडीला गिऱ्हाईक आलंय.

बॉसनी विचारलं, "हू इज सेलिंग?"

"ओनर," मामा म्हणाले.

"टेल हिम डोन्ट," बॉस म्हणाले. मीही एक विकली होती, ते सावकाश सांगू लागले. तेव्हापासून कुठल्याही कार पार्कमध्ये गेलो की आधी रांगेवरून नजर फिरवतो. बायको विचारायची, काय शोधतोस. मी सांगायचो, जागा.

मामा म्हणाले, "आय विल टेल हिम, बॉस."

दुपारी जेवताना त्यांनी हे सगळं मामींना सांगितलं. मामींनी त्यांच्या पानात भात वाढला, तूप घातलं, आणि विचारलं, "मग दिलात का निरोप मालकांना?"

"दिला."

"काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले. पण तुझे गुडघे..."

"मला बस चालते," मामी म्हणाल्या. "बसला पायरी आहे, धरायला दांडा आहे. मालकांना म्हणावं, माझी काळजी नको."

परवान्याची मुदत वाढली. या वेळी मामांनी दहाऐवजी धाकटी, पाच वर्षांची मुदत घेतली, आणि तशी घेतली की नियमाप्रमाणे ती पुन्हा वाढवून मिळत नाही. हे त्यांना माहीत आहे, मामींना माहीत आहे, मलाही आहे.

बॉस आता कोणाला ओळखत नाहीत, मुलीलाही नाही, आणि गाडीचा विषय स्वतःहून काढत नाहीत. मामा तरी दर रविवारी जातात. अहवाल इंग्रजीत सुरू होतो, पण मामांचं इंग्रजी हे जहाजावरचं, हुकूम सोडण्यापुरतं; मनातलं काही सांगायचं झालं की ते मराठीवर येतात. इंजिनाचा सकाळचा आवाज कसा असतो, मामींना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, मेलबर्नहून मुलगी डिसेंबरात येणार आहे, असं काय काय. बॉस डोळे मिटून पडलेले असतात.

मागच्या रविवारी मीही गेलो होतो. तिथली तरुण नर्स औषध द्यायला आली आणि जराशी थांबून ऐकत राहिली. मग तिने मामांना हळूच विचारलं, "अंकल, ही अंडरस्टँड्स, आह?"

मामा बोलायचे थांबले. उत्तर काय द्यावं, याचा ते खरोखरच विचार करू लागले.

बॉसनी डोळे उघडले नाहीत. उशीवरची मान तेवढी मामांच्या दिशेला वळली.

"देन?" ते म्हणाले.

आणि मामा पुढे सांगू लागले.